थर्माकोलची खुडूक

तांबडी दोन दिवस खुराड्यातून बाहेर आली नव्हती. हात नेला की पिसं फुलवून दुप्पट व्हायची, घशातून 'कुर्रर्र' करायची आणि नेमकी मनगटावर चोच मारायची. गंमत म्हणजे तिच्या पोटाखाली एकही अंडं नव्हतं, आत्या रोजच्या रोज उचलून नेत होती. तरी रिकाम्या गवतावर बाईसाहेब दहा-बारा अंडी असल्याच्या थाटात बसलेल्या.

"खुडूक झाली," आत्या म्हणाली. "आता हिला अंडी तरी द्यायची, नाहीतर थंड पाण्यात बुचकळायची."

गावोगावी खुडूक (अंडी उबवायला ठाण मांडून बसणं) मोडायची ही जुनी रीत. काही ठिकाणी कोंबडीच्या नाकपुडीतून पीस आरपार घालतात. त्यात निव्वळ छळ आहे, तो करू नये. पाण्यात बुडवण्यामागे मात्र थोडं तथ्य आहे, कारण खुडूकपणाचा संबंध पोटाच्या उबेशी आहे. कोंबडीच्या मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढू लागलं की तिचं अंडी घालणं थांबतं आणि बसणं सुरू होतं. आईच्या अंगावर दूध येतं तेही याच संप्रेरकामुळे. 1935 साली ऑस्कर रिडल या अमेरिकन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अंडी घालत असलेल्या कोंबड्यांना प्रोलॅक्टिन टोचून त्यांना खुडूक करून दाखवलं होतं. या काळात पोटाची पिसं झडतात, उघड्या पडलेल्या कातडीत रक्तवाहिन्या दाटतात आणि ती कातडी थेट अंड्यांना टेकते. अंड्यांचा हा स्पर्श प्रोलॅक्टिन चढतं ठेवतो. अंडी काढली, खालून गार वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात ठेवलं, की बहुतेक कोंबड्या काही दिवसांत भानावर येतात. बुचकळायची गरज पडत नाही.

मी मात्र आत्याला म्हटलं, हिला अंडी दे. त्याला माझा एक स्वार्थ होता. चिपळूणच्या बाजारातून मी मासळीचा थर्माकोलचा खोका आणला होता, तीनदा धुऊनही बांगड्याचा वास न गेलेला. त्यात 60 वॉटचा बल्ब, जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा आणि तापमान ठरावीक अंशावर गेलं की बल्ब बंद करणारं एक छोटं सर्किट, एवढा सरंजाम. (बल्ब जुन्या पद्धतीचा, तारेचाच हवा. एलईडी लावून अंडी उबवायला निघालेले लोक मी पाहिलेत. उजेड झक्क पडतो, ऊब काही मिळत नाही.) एकाच दिवशी तांबडीखाली अकरा आणि खोक्यात चोवीस अंडी ठेवायची ठरली. आत्यानं आपल्या अंड्यांत एक लोखंडी खिळा आणि कोळशाचा तुकडा ठेवला. वीज कडाडली तर अंडी नासतात म्हणून.

खोक्याचं तापमान किती ठेवायचं, याचं उत्तर एका वाक्यात देता येतं: पंखा असेल तर 37.5 अंश सेल्सिअस, म्हणजे फॅरनहाइटमध्ये 99.5. पंखा नसेल तर गरम हवा वर साचते, तेव्हा अंड्याच्या वरच्या कडेशी मोजून अंशभर जास्त. कोंबडीचं अंग असतं 41 अंशांच्या आसपास, पण अंड्याच्या गाभ्यापर्यंत पोचेस्तोवर ती ऊब 37-38 वर येते. बाजारातल्या स्वस्त तापमापकांवर फार विसंबू नये. घरात ताप मोजायचं थर्मामीटर असतंच, आणि 99.5 हा आकडा बरोबर त्याच्या पट्ट्यात येतो. मी ते खोक्यात ठेवून ताडून पाहिलं, तर सर्किट चक्क एक अंश कमी दाखवत होतं. म्हणजे त्याच्या 37.5 ला खोक्यात खरे 38.5 असते. एवढ्यावर भ्रूण लगेच मरत नाहीत, पण घाईघाईनं वाढतात, पिल्लं लवकर आणि अशक्त निघतात. 40 च्या पुढे तास-दोन तास गेले तर आशा सोडावी. उलट थंडी भ्रूणाला बरीच सोसते. आमच्याकडे पाचव्या दिवशी तासभर वीज गेली तेव्हा मी गोधड्या घेऊन धावलो. आत्या तांबडीकडे बोट दाखवून हसली. तीही त्याच वेळी अंडी उघडी टाकून चरायला बाहेर आली होती.

खुडूक कोंबडी दिवसातून एखाद-दोनदा पंधरा-वीस मिनिटं उठते. घाईघाईनं दाणे, पाणी, धुळीत लोळण, आणि तुंबून ठेवलेली एक भलीमोठी विष्ठा, जिच्या वासानं माणूस चार पावलं मागं सरतो. मग परत घरट्यात. एवढ्या वेळात अंडी थोडी निवतात आणि त्यांचं काही बिघडत नाही.

थर्मामीटर नव्हतं तेव्हाही माणसं हे करत होती. इजिप्तमध्ये मातीच्या विटांच्या भट्ट्यांत हजारो अंडी एकावेळी उबवण्याची कला दोन हजार वर्षांपेक्षा जुनी आहे. भट्टीवाले कारागीर ऊब कशी तपासत? अंडं उचलून पापणीला लावत. पापणीची कातडी पातळ, तिला अंश-दोन अंशांचा फरक कळतो. फ्रान्सच्या रेओम्यूर या शास्त्रज्ञाने 1749 साली या भट्ट्यांवर लिहिलं आणि स्वतः शेणखताच्या उष्णतेवर अंडी उबवण्याचे प्रयोग केले. नंतर मीही अंडं पापणीला लावून पाहिलं. तुम्हीही बघा, सवय झाली की खरंच अंदाज येतो.

सातव्या रात्री दिवे घालवून बॅटरी मारायला बसलो. अंड्याच्या बोथट टोकाला बॅटरी घट्ट लावली की आत नारिंगी उजेड भरतो. चांगलं अंडं असेल तर मधोमध एक काळा ठिपका डुलताना दिसतो आणि त्याच्यापासून कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा फाकलेल्या असतात. तांबडीची दहा अंडी अशी निघाली, एक कोरं. माझ्या चोवीसपैकी सात कोरी. आणि सहांत शिरांऐवजी कवचाला आतून चिकटलेलं लाल कडं दिसलं, बांगडीसारखं. हे रक्ताचं कडं म्हणजे वाढ सुरू होऊन मेलेला भ्रूण.

मी खोक्याला दोष देत होतो. आत्यानं विचारलं, "अंडी आणून ठेवली होतीस कुठे?"

पत्र्याखालच्या फळीवर. गावातून मिळतील तशी बारा दिवस जमवत होतो. एप्रिल महिना, आणि दुपारी ती फळी 35 अंशांपर्यंत सहज जात असणार. आत्यानं मात्र तिची अंडी पाणी शिंपडलेल्या वाळूच्या परडीत माठाखाली ठेवली होती, आणि तीही शेवटच्या पाच दिवसांतलीच निवडून.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण घरी उबवणाऱ्यांची बरीच अंडी यात जातात. अंडं घातलं जातं तेव्हा आत नुसता 'बी' नसतो. ते कोंबडीच्या पोटात कवच चढेपर्यंत जवळजवळ एक दिवस काढतं, आणि तेवढ्यात भ्रूण चाळीस-साठ हजार पेशींचा झालेला असतो. बाहेर पडून गार झालं की ही वाढ थबकते, साधारण 20-21 अंशांच्या खाली पूर्णपणे. म्हणूनच कोंबडी दहा-बारा दिवस एकेक अंडं घालते, आणि सगळी पिल्लं निघतात एकाच दिवशी. ती बसेपर्यंत सगळे भ्रूण थांबून राहिलेले असतात. पण अंडं ना गार ना उबदार अशा 28-35 अंशांत पडून राहिलं तर वाढ धड थांबत नाही, धड चालत नाही, रखडत जाते आणि भ्रूण मरतो. व्यावसायिक केंद्रांत अंडी 15 ते 18 अंशांना ठेवतात, आणि शक्यतो आठवड्यापेक्षा जास्त नाही. कोकणातल्या दमट हवेत माठाखाली एवढं गार होत नाही, तीन-चार अंशांचा फरक पडतो इतकंच. आत्याची अंडी वाचली ती बहुतेक ताजी होती म्हणून.

उरलेल्या अकरांसाठी मी मग लक्ष घातलं ते पाण्याकडे. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात आणि त्यांतून अंडं श्वास घेतं. 60 ग्रॅमचं अंडं एकवीस दिवसांत सुमारे 6 लिटर प्राणवायू आत घेतं, साडेचार लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि 11 लिटर पाण्याची वाफ बाहेर टाकतं. वाफ जाते तेवढी बोथट टोकाची हवेची पोकळी मोठी होते. पिल्लू पहिला श्वास त्याच पोकळीतून घेणार, तेव्हा ती पुरेशी मोठी हवी. पहिल्या अठरा दिवसांत अंड्याचं वजन 11 ते 13 टक्क्यांनी घटलं की समजावं हवेतला ओलावा ठीक आहे. 45 ग्रॅमच्या गावठी अंड्यात ही घट पाच-साडेपाच ग्रॅमची, स्वयंपाकघरातल्या छोट्या डिजिटल काट्यावर सहज मोजता येते. कोरड्या हवेत खोक्यात पाण्याची वाटी ठेवायची. कोकणात बऱ्याचदा ती काढूनच घ्यावी लागते. मला वाटतं, विजेच्या कडकडाटाचा जुना समज इथूनच आला असावा. गडगडाट होतो तेव्हा हवा कोंदट असते, वाफ पुरेशी जात नाही, आणि पिल्लं आतल्या पाण्यात गुदमरतात. दोष ढगांना लागतो. खिळ्यानं काही बिघडत नाही, म्हणून मी तो तिथेच राहू दिला.

अंडी फिरवण्याचं काम तांबडी चोचीनं करायची, दिवसा-रात्री कितीतरी वेळा. मी पेन्सिलीनं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढून दिवसातून पाचदा फिरवायचो. न फिरवल्यास सुरुवातीला भ्रूण आतल्या पापुद्र्याला चिकटतो आणि पुढे पांढरा बलक नीट शोषला जात नाही. अठराव्या दिवशी फिरवणं बंद, ओलावा 65-70 टक्के, आणि झाकण उघडायचं नाही. शेवटची अट सगळ्यांत अवघड.

विसाव्या दिवशी खोक्याला कान लावला तर आतून बारीक चिवचिव. अंडी अजून अखंडच होती. पिल्लू आधी आतल्या पोकळीत चोच घुसवतं, फुप्फुसं तिथे सुरू होतात आणि ते बोलू लागतं. तिकडे तांबडी पोटाखालच्या आवाजांना हलक्या 'कुक-कुक'नं उत्तर देत होती. माझ्या खोक्यात उत्तर देणारं कोणी नव्हतं. पंखा तेवढा घरघरत होता.

एकविसाव्या दिवशी पहाटे एका अंड्याला टिचकी मारल्यासारखा तडा. वरच्या चोचीवरच्या कठीण टोकानं, त्याला अंड्याचा दात म्हणतात, पिल्लानं आतून घाव घातला होता. मग तासन् तास काहीच नाही. दुपारपर्यंत माझा धीर सुटला आणि मी नखानं कवचाचा कपचा काढायला गेलो. आत्यानं हातावर चापट मारली. तिचं बरोबर होतं. या वेळात कवचाखालच्या पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्या हळूहळू रिकाम्या होत असतात आणि उरलेला पिवळा बलक बेंबीवाटे पोटात ओढला जात असतो. घाईनं सोललं तर पिल्लू रक्त जाऊन मरतं. पहिल्या तड्यापासून बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागू शकतात. पोटात गेलेल्या त्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस दाण्यापाण्याशिवाय तग धरतं. एका दिवसाची पिल्लं खोक्यात भरून गावोगाव पाठवता येतात ती याच्या जोरावर.

हिशेब असा झाला: तांबडीची नऊ, खोक्याची सात. आता खोकेवाल्यांना बल्बखाली आठवडाभर 35 अंश आणि पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी, असं महिनाभर सांभाळायचं होतं. आत्यानं तो बेत हाणून पाडला. रात्री मिट्ट अंधारात तिनं सातही पिल्लं एकेक करून तांबडीच्या पंखाखाली सरकवली. अंधारात कोंबडी आपलं-परकं करत नाही, सकाळी उठते तेव्हा जेवढी खाली सापडतील तेवढी तिची.

कोंबडीला असं बसू दिलं की कोंबडीवाल्याचं नुकसान होतं, हेही खरं. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, आणि बसणं नि पिल्लं वाढवणं यांत तिचे दोन-तीन महिने बिनअंड्याचे जातात. वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देणाऱ्या व्हाइट लेगहॉर्न जातीत खुडूकपणा पिढ्यानुपिढ्या निवड करून काढून टाकलाय, तो याचसाठी. त्यांच्यासाठी यंत्र हवंच.

सकाळी तांबडी सोळा पिल्लं घेऊन अंगणात उतरली. कणी टाकली तशी ती 'टक-टक-टक' करत दाणा उचलायची, टाकायची, पुन्हा उचलायची. नऊ पिल्लं धावली. खोक्यातली सात जागीच उभी, पंखा बंद पडल्यासारखी. मग त्यांतलं एक पुढे झालं आणि त्यानं चुकून खड्याला चोच मारली, नंतर कणीला.

खोका आत्यानं त्याच दुपारी मागून घेतला. बल्ब काढला, तळाशी पेंढा पसरला आणि आंबे पिकत घातले.