अ‍ॅमेझॉन स्त्रिया आणि कापलेला स्तन

धनुष्य ओढताना अडचण नको म्हणून ग्रीक पुराणकथांतल्या अ‍ॅमेझॉन योद्ध्या उजवा स्तन कापून टाकत, ही गोष्ट अजूनही फिरते. तिचं मूळ शब्दखेळात आहे: ग्रीकमध्ये ‘माझोस’ म्हणजे स्तन आणि ‘अ’ म्हणजे नसणं (आपल्या ‘अभाव’मधला ‘अ’ तोच). परका शब्द ओढूनताणून ग्रीक करायचा आणि मग त्याला साजेशी कथा रचायची, असला हा प्रकार.

ग्रीक चित्रकारांनी मात्र ही कथा मनावर घेतलेली दिसत नाही. ब्रिटिश म्युझियममधला एक्सेकियास या चित्रकाराचा कुंभ पाहा, इ.स.पू. ५३० च्या आसपासचा. ग्रीक वीर अकिलीस वरून भाला खुपसतोय, अ‍ॅमेझॉनांची राणी पेंथेसिलिया गुडघ्यावर कोसळली आहे, गळ्यातून रक्ताची धार. त्याचा चेहरा काळ्या शिरस्त्राणात झाकलेला. तिचा उघडा आणि पांढरा, कारण काळ्या आकृत्यांच्या या शैलीत बायकांची कातडी पांढऱ्या रंगानं भरत. अंगावर बिबट्याचं कातडं. कापाकापीची खूण कुठेच नाही. इतर भांड्यांवरच्या, विजारी घातलेल्या धनुर्धारी अ‍ॅमेझॉनही धडधाकटच आहेत.

आणि तिरंदाजीचं म्हणाल, तर ऑलिम्पिकमधल्या मुलींचं छातीवरच्या साध्या पट्ट्यावर भागतंच की!