'ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे': बायबलचं वचन मराठी घरात कसं आलं त्याची पार्श्वभूमी

सकाळी सहा-साडेसहाला मोबाईल वाजतो, चर्चच्या ग्रुपवर 'आजचं वचन' आलेलं असतं. गुलाबाचं फूल, मागे सूर्योदय आणि मधे मत्तय ६:३४, 'ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे'. कुणाचा ईएमआय थकलाय, कुणाच्या घरी डायलिसिस चालू आहे, कुणाचं पोरगं दोन वर्षं नोकरीविना बसलंय, सगळे खाली 'आमेन' टाकतात आणि डबा भरायला लागतात. इतकं सवयीचं झालंय हे की वाटतं पहिल्यापासून असंच असणार. पण बायबलचं वाक्य असं मराठीत चहाच्या कपाशेजारी येऊन बसायला चारशे वर्षं लागलीत, आणि या सगळ्या काळात घोडं सारखं अडत राहिलं ते माझ्या मते एकाच ठिकाणी, भाषेपाशी.

सुरुवात गोव्यातल्या साष्टीत. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ च्या ऑक्टोबरमधे गोव्याला उतरला तो १६१९ ला मरेपर्यंत इथलाच झाला. त्याचं क्रिस्तपुराण १६१६ मधे राशोलला छापलं गेलं, जवळपास अकरा हजार ओव्या. आपल्याला त्यातली मराठीची स्तुती तेवढी माहीत असते, हरळांमधे रत्न वगैरे, भाषणाला बरी पडते. मला मात्र त्यातला सुरुवातीचा प्रसंग जास्त महत्त्वाचा वाटतो. पाद्री मुलांना दोत्रीन म्हणजे धर्माची शिकवण देतोय आणि एक नवा ख्रिस्ती झालेला ब्राह्मण उठून विचारतो, की बाबा दोत्रीन ठीक आहे हो, पण आमची पूर्वीची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्या जागी वाचायला ऐकायला आम्हाला दुसरं काही द्याल की नाही. काय प्रश्न आहे बघा! देवळं पाडलेली, पोथ्या गेलेल्या, धर्म बदललेला, तरी संध्याकाळी दिवा लागल्यावर करायचं काय हा प्रश्न उरलाच. प्रश्नोत्तरं पाठ करून दुःखात पडलेल्या माणसाचं भागत नाही, त्याला गोष्ट लागते, चाल लागते, चार लोकांत बसून ऐकणं लागतं.

स्टीफन्सने तेच दिलं. ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी घेतली, स्वर्गाला वैकुंठ म्हटलं, आणि बायबलची सगळी कथा त्यात बसवली. पुढे १६८४ मधे पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला, म्हणजे राज्यकर्त्यांचा विचार उलट्याच दिशेने चालला होता. तरी गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी क्रिस्तपुराणाची हस्तलिखितं जपली आणि १९०७ मधे जोसेफ सालढाणांनी मंगळूरलाच ते रोमन लिपीत पुन्हा छापून काढलं. मराठी काव्य, इंग्रज कवी, रोमन अक्षरं आणि वाचणारे कोंकणी बोलणारे! आपल्याकडे सरळ असं काही नसतंच.

घाटावरची गोष्ट वेगळी, तिथे प्रॉटेस्टंट आले. बंगालात श्रीरामपूरला विल्यम केरी आणि वैजनाथ पंडित यांनी मराठी नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, तयार केला, तो १८११ ला छापून झाला, पण मुंबईच्या रस्त्यावर तो काही फारसा चालेना. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, त्यांनी भाषांतर नव्याने हाती घेतलं, आणि ते १८२६ मधे छापून आलं. त्याच वर्षी हॉल नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने गेले. १८३१ पासून अहमदनगरला मिशनचं काम सुरू झालं आणि पुढची शंभर वर्षं नगर हे मराठी ख्रिस्ती लोकांचं जणू माहेरच झालं. १८४२ ला 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक निघालं तेही नगरलाच.

पण चर्चमधली गाणी कशी, तर इंग्रजी चालीवर मराठी शब्द कोंबलेली. खेड्यातला मांग, महार समाजातला माणूस ज्याच्या घरात पिढ्यान्पिढ्या डफ, हलगी, भजन, त्याने ऑर्गनबरोबर ताठ उभं राहून ते म्हणायचं! १८६० च्या दशकात नगरला ख्रिस्ती कीर्तन सुरू झालं तेव्हा कुठे लोक मोकळे झाले, टाळ आला, मृदंग आला, बायबलमधल्या उधळ्या पुत्राची गोष्ट कीर्तनकाराच्या तोंडून ऐकताना ती आपल्याच गावातल्या कुणा पाटलाच्या पोराची वाटायला लागली. ही कीर्तनं रुजवणाऱ्या कृष्णराव सांगळ्यांचं नाव यात घ्यायलाच हवं.

दुष्काळ हा या इतिहासातला सगळ्यात नाजूक भाग. १८७६ ते ७८, मग १८९६-९७, मग १८९९-१९००, दर वेळी मिशनच्या दारात माणसं आली, त्यातले खूपजण ख्रिस्ती झाले आणि 'पोटासाठी बाटले' हे वाक्य त्यांच्या नातवंडांनाही ऐकावं लागलं. माझं साधं म्हणणं आहे की उपाशी माणसाला ज्याने जेवू घातलं त्याच्या देवाबद्दल त्याला कुतूहल वाटलं तर त्यात लाज कसली, आणि पाणवठ्यावर हात लावू न देणाऱ्यांनी तो हिशोब मांडावा हे तर अजूनच विनोदी.

पंडिता रमाबाईंना भूक पुस्तकातून कळलेली नव्हती. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेले, त्या आणि भाऊ श्रीनिवास पायी भटकत राहिले, मिळेल ते खाऊन. पुराणं तोंडपाठ, संस्कृत अस्खलित, कलकत्त्याला 'सरस्वती' पदवी, आणि तरी दुःखाचा प्रश्न तसाच. १८८३ मधे इंग्लंडला गेल्यावर तिथल्या सिस्टर्सनी त्यांना लंडनमधल्या फुलमला नेलं, तिथे समाजाने वाईट ठरवलेल्या बायकांना ठेवून घेऊन नीट वागवत होते. रमाबाईंनी असं कधी पाहिलेलंच नव्हतं. का करता हे, असं विचारल्यावर एका सिस्टरने योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला, विहिरीवरच्या शोमरोनी बाईचा, म्हणजे ज्यू लोक ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत त्यांच्यातल्या बाईचा. पाच नवरे झालेली बाई, ऐन दुपारी एकटी पाण्याला आलेली, आणि येशू तिच्याकडेच पाणी मागतो. आपल्याकडे कुणी कुणाच्या हातचं पाणी प्यायचं यावर अख्खी समाजरचना उभी, म्हणून हा अध्याय रमाबाईंना जिथे लागला तिथे तो कुणा इंग्रज बाईला लागणं अवघडच होतं. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुढचं बरंचसं माहिती असतं, ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन, मग पुण्याला, मग १८९३ चा गदारोळ की विधवा मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात म्हणून, रानडे-भांडारकर सल्लागार समितीतून बाहेर पडले, केसरीने झोडपलं. रमाबाई आपल्या खोलीत मुलीबरोबर प्रार्थना करायच्या आणि दार उघडं ठेवायच्या, एवढाच काय तो वाद. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन मुली घेऊन आल्या आणि केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती हे आश्रयस्थान उभं राहिलं. तिथे विणकाम, गाईगुरं, शेती, छापखाना, सगळं मुलींच्याच हातात.

आणि मग त्यांनी जे केलं त्याच्याबद्दल कमी बोललं जातं. त्यांना चालू मराठी बायबल पटेना, भाषा जड, संस्कृताने लादलेली, केडगावच्या खेडवळ मुलीला त्यातून काय कळणार. संस्कृतच्या पंडितेने हे म्हणावं यातच मजा आहे. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि वर्षानुवर्षं बसून अख्ख्या बायबलचं साध्या मराठीत भाषांतर केलं, छपाईचे खिळे जुळवायला केडगावच्याच मुली. १९२१ ला मुलगी मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, पुस्तक १९२४ ला बाहेर आलं. ते चर्चमधे रुळलं नाही ही वेगळी गोष्ट. आपण आजही 'अहो कष्टी व भाराक्रांत जनहो' असंच वाचतो, कष्टी ठीक आहे, पण भाराक्रांत हा शब्द चर्चच्या कंपाउंडबाहेर कुणी कधी ऐकलाय का?

कवी नारायण वामन टिळकांची वाट निराळी. १८९३ मधे नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले ते अडकलेच, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा झाला, बायकोला न सांगता. लक्ष्मीबाईंवर काय ओढवलं असेल! चार-पाच वर्षं ताटातूट, मग नगरला आल्या तरी सोवळं वेगळं, चूल वेगळी. त्यांचा बदल ग्रंथ वाचून झाला नाही, विचार करता करता एक दिवस त्यांना वाटलं की या जाती देवाने केल्यात की माणसाने, आणि माणसाने केल्या असतील तर मी कुणाच्याही हातचं का खाऊ नये. झालं. १९०० मधे त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, पण मला तर खरा बाप्तिस्मा त्या आदल्या विचाराचाच वाटतो. शिक्षण जेमतेम, तरी नंतर लिहिलेल्या आठवणींत नवऱ्याची विक्षिप्त उदारता, घरात टिकत नसलेला पैसा, कुणाचीतरी पोरं घरात येऊन राहणं, हे सगळं त्या हसत हसत सांगतात.

टिळक म्हणायचे मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. म्हणून त्यांनी अभंग लिहिले, आणि मराठी चर्चमधे जे 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक हातात असतं त्याचा मोठा भाग टिळकांचा आहे. अंत्यविधीला, बारशाला, घरभरणीला ख्रिस्ती घरात जे गायलं जातं ते बघा, उपदेश कुणाला आठवत नाही, टिळकांची ओळ आठवते. १९१७ ला त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही चालतील असा. मिशनला ते पचणं कठीणच होतं. ९ मे १९१९ ला टिळक गेले, येशूच्या चरित्रावरचं अर्धवट राहिलेलं काव्य ख्रिस्तायन लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं.

कॅथलिक वसईत तर याहून उशीर. घरात सामवेदी नाहीतर वाडवळी बोली आणि रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमधे, १९६२ ते ६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती मराठीत आली. तिथून पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं काम बघावं. त्यांनी 'सुवार्ता' मासिक चालवलं आणि त्याच हाताने हरित वसई संरक्षण समितीही चालवली, विहिरी उपसून टँकर भरून नेणाऱ्यांविरुद्ध, वाड्या गिळणाऱ्या बिल्डरांविरुद्ध. पाद्र्याने पाण्याच्या भानगडीत का पडावं असं तेव्हा विचारणारे होतेच. त्यांचं 'सुबोध बायबल' २०१० ला आलं, २०१३ ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि जानेवारी २०२० मधे उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा ख्रिस्ती धर्मगुरू कसा काय म्हणून आरडाओरडाही झाला. २५ जुलै २०२४ ला ते गेले.

आमच्या घरी कपाटात दोन्ही बायबलं आहेत. कुटुंब प्रार्थनेला पोरं सुबोध मागतात, लगेच कळतं म्हणून. आई मात्र जुनंच उघडते, आणि कुणी भाराक्रांतचा अर्थ विचारलाच तर म्हणते, डोक्यावर हंडा, कडेवर पोर आणि हातात बादली घेऊन एकदा चढ चढून बघ.