पुळणीवरचा अनंत, कातळावरचा अनंत

एकाच नर्सरीतून आणलेली अनंताची दोन रोपं. कोकणातल्या एका गावात एक समुद्राला लागून असलेल्या घराच्या पुळणीत, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत लावलं, दुसरं वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर, जांभ्या दगडाच्या मातीत. दोनेक पावसाळे उलटले की पुळणीवरच्या झाडाची पानं पिवळी पडायला लागतात. मालक शेणखत घालतो, पाणी वाढवतो आणि शेवटी "आमच्याकडे अनंत होतच नाही" म्हणून मोकळा होतो. वरच्या घरी तोच अनंत हिरवागार.

ते पिवळं पान हातात घेऊन नीट बघावं. शिरा हिरव्या, शिरांमधला भाग पिवळा. आणि हे सगळं शेंड्याच्या कोवळ्या पानांवर. खालची जून पानं ठीकठाक. ही लोहाच्या कमतरतेची खूण आहे. लोह झाडात एकदा जिथे गेलं तिथून सहसा हलत नाही, त्यामुळे तुटवडा पडला की तो नव्या पानाला भोगावा लागतो. नत्राचं उलट. नत्र कमी पडलं तर झाड जुन्या पानांतलं काढून नव्याला देतं, म्हणून तिथे खालची पानं आधी पिवळी होतात.

पुळणीच्या वाळूत लोह अजिबात नसतं असं नाही. पण तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, म्हणजे चुनाच. त्याने जमीन अल्कधर्मी होते आणि अशा जमिनीत लोह विरघळत नाही. मुळांशेजारी पडून असलं तरी ती उचलू शकत नाहीत. जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी, तिथे ही अडचण येत नाही. अनंत, एक्झोरा, अननस, काजू यांना तीच मानवते. पुळणीत अनंत हवाच असेल तर मोठ्या कुंडीत जांभ्याची माती आणि कुजका पालापाचोळा घालून लावावा. नव्या सिमेंटच्या कंपाउंडला चिकटून मात्र लावू नये. भिंतीतून पावसाबरोबर चुना झिरपतो आणि तेच दुखणं जांभ्यावरही सुरू होतं.

म्हणून "कोकणात काय लावावं?" असं कुणी विचारलं की मी आधी घर कुठे आहे ते विचारतो. पुळणीवर, खाडीच्या काठी, डोंगरउतारावर की सड्यावर? आणि मग घराची पश्चिम बाजू कोणती, पागोळ्या कुठे पडतात, न्हाणीचं पाणी कुठे जातं. एकाच आवारात तीन-चार तऱ्हांच्या जागा निघतात.

जांभ्याचंही सगळं गोड नाही. लाखो वर्षांच्या पावसाने त्यातला चुना, पोटॅश धुऊन नेला आणि मागे राहिले ते लोहाचे नि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. ते फॉस्फरसला असे धरून ठेवतात की खत घालूनही झाडाला त्यातलं थोडंच मिळतं. कुजणाऱ्या पाल्यातून निघणारी आम्लं ही पकड काही प्रमाणात ढिली करतात. परसात गोळा केलेला पातेरा काडी लावून पेटवणारी माणसं बघितली की म्हणूनच माझा जीव जळतो. तो झाडाच्या आळ्यात पसरायचा असतो.

आता पाऊस. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पडतो, रत्नागिरीत ३००० मिलिमीटरच्या वर, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. तो ऑक्सिजन मातीच्या पोकळ्यांतल्या हवेतून येतो. पोकळ्या पाण्याने भरल्या की गाडी अडते, कारण हवेच्या मानाने पाण्यातून ऑक्सिजन सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. गुदमरलेली मुळं पाणी ओढेनाशी होतात आणि भर पावसात रोप माना टाकतं. माणूस समजतो उन्हाने सुकलं. त्यात फायटोफ्थोरासारख्या बुरशीवजा रोगजंतूंना हीच ओल हवी असते. त्यांचे बीजाणू पाण्यात पोहत मुळांपर्यंत जातात. सुपारीचा कोळेरोग याच कुळातला.

नर्सरीत दिसणारी बरीचशी शोभेची झाडं आंध्रातल्या कडियमसारख्या ठिकाणांहून ट्रकने येतात, मुळांभोवती चिकट मातीचा गोळा घेऊन. तो गोळा तसाच भुसभुशीत जांभ्यात ठेवला तर पावसाळ्यात आत पाणी कोंडतं, आणि उन्हाळ्यात गोळा आक्रसला की घातलेलं पाणी बाजूने निघून जातं. लावताना बाहेरची चिकट माती हलक्या हाताने मोकळी करावी. पागोळ्यांखाली गुलाब किंवा शेवंती लावण्याचा हट्ट सोडावा. तिथे सोनटक्का, कर्दळ, अळू खुशाल वाढतात. आपल्याकडे मृगात लागवड करायची रीत आहे. आंबा-काजूच्या कलमांना ती योग्यच. नाजूक फुलझाडं मात्र गणपती झाल्यावर लावलेली बरी.

समुद्रासमोरच्या घरांचा खरा शत्रू खारा वारा. फुटणाऱ्या लाटांचे बारीक तुषार वाऱ्यावर येतात, पानांवर मीठ साचतं आणि पानाच्या फटी-ओरखड्यांतून आत शिरतं. क्लोराइड टोकांशी, कडांशी जमत जातं, म्हणून पान कडेने करपत आत येतं. मेच्या अखेरीस वारा सुटलेला असतो आणि पाऊस लागलेला नसतो, तेव्हा हे जास्त. एकदा सर आली की पानं धुऊन निघतात. जाड, मेणचट पानांची झाडं हे सोसतात: उंडी, भेंड, कण्हेर, केवडा. पश्चिमेला यांची फळी उभी करावी आणि तिच्या आडोशाला जास्वंद, अबोली, मोगरा. फळी दाट नको, वारा गाळून पुढे सोडणारी हवी. भरीव भिंतीवरून उसळलेला वारा पलीकडे भोवऱ्यासारखा खाली येतो आणि भिंतीमागची झाडंच झोडपतो. कण्हेरीचं पान, फूल, बी सगळंच विषारी. घरात लहान मूल असेल किंवा गुरं दावणीला असतील तर तिच्या जागी भेंड लावावी.

नारळ हा या सगळ्याला अपवाद. खड्ड्यात मीठ घालायची जुनी पद्धत पुष्कळांना अंधश्रद्धा वाटते, पण नारळाला क्लोरीन खरोखरच लागतं. पानांवरची रंध्रं उघडण्या-मिटण्याच्या कामात ते उपयोगी पडतं. समुद्राकाठी ते फुकट मिळतं. दोन माडांत साडेसात मीटर अंतर हवं, आणि घरापासून इतकं लांब की चुडत, म्हणजे वाळकी झावळी पडून कौलं फुटणार नाहीत.

पाऊस गेला की जांभ्यातलं पाणी भराभर खाली उतरतं आणि पुढचे सात-आठ महिने कोरडे. मुंबईला राहून गणपतीला आणि मे महिन्यात येणाऱ्यांनी या दिवसांचा आधी विचार करावा. सड्यावरच्या रानफुलांचा उपाय बघण्यासारखा आहे: पावसात वाढायचं, फुलायचं आणि उन्हाळाभर कंदाच्या रूपात जमिनीखाली झोपून राहायचं. हळद, सुरण, कळलावी त्याच पंथातले. हळद पावसाच्या तोंडावर लावली की तिच्या पानात वाफवायच्या पातोळ्यांपुरती पानं श्रावणात मिळतात, आणि बंद घराला शिंपणारं कुणी नसलं तरी अडत नाही. सुरण-अळवात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांसारखे स्फटिक असतात. तेच घशाला खाजवतात, आणि वांदरही त्यांच्या वाटेला फारसे जात नाहीत. केळी-पपई लावली तर घरच्यांना किती मिळेल सांगता येत नाही.

फळझाड एकच लावायचं झालं तर मी कोकम सांगेन. सावली दाट, पाण्याची तक्रार कमी, बुंधा आटोपशीर. पण बीपासून लावू नये. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, बियांतून साधारण निम्मी नर निघतात आणि ते कळायला पहिलं फूल येईपर्यंत सहा-सात वर्षं थांबावं लागतं. कलम घ्यावं, तेही उभ्या वाढणाऱ्या फांदीचं. आडव्या फांदीची काडी वापरलेली असेल तर झाड वर जायचं सोडून आडवंच पसरत राहतं. जायफळातही हेच होतं. आमसुलं करायची असतील तर लवकर पिकणारी जात बघावी, कारण साली वाळवायला ऊन लागतं आणि पाऊस लागल्यावर पिकलेली फळं कुजून जातात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' यासाठीच मागतात. नर्सरीवाल्याला "काडी उभ्या फांदीची आहे ना?" हे पैसे देण्याआधी विचारावं.