बडोद्यात गल्लीतल्या मांजरांसाठी अर्ज: कुणाकडे, कोणत्या कागदांसह

गल्लीतल्या मांजरांना खाऊ घालायला परवाना लागत नाही. दांडिया बाजारात आजही लोक दबकत, अंधार पडल्यावर वाटी ठेवतात, म्हणून हे आधी सांगते. प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023 मधला 20वा नियम सांगतो की तिथल्याच रहिवाशाला सोबत घेऊन खाण्याची सोय करणं हे सोसायटीचं किंवा स्थानिक संस्थेच्या प्रतिनिधीचं काम आहे. जिना, ये-जा करायची दारं आणि मुलांची खेळायची जागा मात्र सोडायची. वेळ ठरवायची, उष्टं-खरकटं आपणच उचलायचं.

त्यामुळे पहिला अर्ज सोसायटीच्या सेक्रेटरीला. जागा आणि वेळ त्यात तुम्हीच सुचवा. मोघम विनंतीवर निर्णय होत नाही.

दुसरा अर्ज महापालिकेला, नसबंदीसाठी. वॉर्ड ऑफिसात किंवा खंडेराव मार्केटच्या मुख्य कचेरीत द्या. गुजरातीत लिहा, दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परतू नका. सोबत ओळखपत्र, वीजबिलाची प्रत, जागेची नेमकी खूण आणि मांजरांची यादी जोडा.

सगळ्यात जास्त मेहनत त्या यादीवर घ्या. प्रत्येक मांजराचा फोटो, रंग, बोका की भाटी, अंदाजे वय, आणि कानाचं टोक कापलेलं आहे का. तशी खूण असेल तर नसबंदी झालेली आहे, त्याला पुन्हा पकडायला नको. भाटी पाजती असेल तर ठळक लिहा. ती पिंजऱ्यात गेली की माळ्यावरची पिल्लं उपाशी मरतात. पण पिल्लं खायला लागली की उशीरही नको: अंगावर पाजत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते आणि साधारण नऊ आठवड्यांत विते.

एखादी संस्था मांजरं न्यायला आली तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाचं प्रकल्प मान्यता प्रमाणपत्र बघायला मागा. त्याशिवाय नसबंदीचा कार्यक्रम राबवता येत नाही. शस्त्रक्रियेनंतर मांजर उचललं तिथेच परत सोडायला हवं, हे अर्जातही लिहून ठेवा. अनोळखी भागात सोडलेलं मांजर क्वचितच तग धरतं.

कुणी मांजर मारलं किंवा जायबंदी केलं तर अर्ज नव्हे, थेट पोलिसांत फिर्याद: भारतीय न्याय संहिता, कलम 325.

आणि महापालिकेकडून उत्तरच आलं नाही, तर माहिती अधिकारात अर्ज करा. गुजरातेत शुल्क 20 रुपये, मुदत 30 दिवस. आवक क्रमांक लिहून, त्या अर्जावर कोणती कार्यवाही झाली, एवढंच विचारा.