सत्ताविभाजन

सत्ताविभाजन : कायदा करणे, तो राबवणे आणि त्यावरून निवाडा देणे ही राज्यसंस्थेची तीन कामे एकाच हाती असू नयेत, असे सांगणारे राज्यशास्त्रातील तत्त्व. फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू याने १७४८ मध्ये त्याला ठाशीव रूप दिले.

तिन्ही कामे एकवटली की काय होते, हे सोलापूरने सोसले आहे. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटले, गोळीबार झाला आणि मार्शल लॉ लागू झाला. त्याला आधार व्हॉइसरॉयच्या वटहुकमाचा; कायदेमंडळाला कुणी विचारले नाही. नियम लष्करी अधिकाऱ्यांचे, ते मोडणाऱ्याला धरणारे शिपाई लष्कराचे आणि शिक्षा ठोठावणारी न्यायालयेही लष्करीच. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली ती मात्र या न्यायालयांमुळे नव्हे. पोलिसांच्या खुनाचा त्यांच्यावरील खटला सेशन्स कोर्टातून उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. चार हुतात्म्यांविषयी बोलताना हा फरक बहुधा निसटतो.

भारतीय संविधानाने अमेरिकेइतकी काटेकोर फारकत घेतली नाही. संविधान सभेत के. टी. शाह यांनी तशी दुरुस्ती सुचवली होती, ती फेटाळली गेली. मंत्री संसदेतूनच येतात आणि मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते (अनुच्छेद ७५), त्यामुळे विधिमंडळ आणि कार्यकारी मंडळ यांच्यातली भिंत मुळातच अर्धी. वटहुकूमही आहेच, फक्त अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत मंजुरी मिळाली नाही तर तो संपतो. न्यायसंस्थेभोवतीची रेघ तेवढी ठळक. पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारे ३९ व्या घटनादुरुस्तीतील कलम सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये रद्द केले.

जिल्ह्याच्या पातळीवर ही रेघ उशिराच उमटली. इंग्रजी अमदानीत शेतसारा वसूल करणारा मामलेदारच दंडाधिकारी म्हणून फौजदारी खटलेही चालवी. अनुच्छेद ५० ने ही कामे वेगळी करण्याचे निर्देश दिले. तत्कालीन मुंबई राज्याने १९५१ मध्ये तसा कायदा केला आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती व्यवस्था देशभर नेली. सोलापूरचा जिल्हाधिकारी आजही जिल्हा दंडाधिकारी असतो, जमावबंदीचा आदेश काढू शकतो. पण चोरीचा किंवा खुनाचा खटला त्याच्यापुढे चालत नाही.