हिस्टामिन

हिस्टामिन हे हिस्टिडिन या ॲमिनो आम्लापासून शरीरातच तयार होणारे एक लहानसे रसायन आहे. अंगावर पित्त उठणे, एकामागून एक शिंका येणे, जठरात आम्ल पाझरणे आणि मेंदू जागा राहणे या सगळ्यांत त्याचा हात असतो. ते नेमके काय करील हे दोन गोष्टींवर ठरते: ते कोणत्या पेशीतून सुटले आणि समोर त्याचा कोणता ग्राही (रसायन ओळखून पेशीला इशारा देणारे प्रथिन) होता. सर्दीची गोळी छातीतल्या जळजळीवर लागू पडत नाही, ती यामुळेच. पुण्यातील औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत गिनीपिगच्या आतड्यावरील हिस्टामिनचे जैवमापन (जिवंत ऊतीच्या प्रतिसादावरून प्रमाण ठरवणे) अभ्यासक्रमात आहे, आणि शहरातल्या ॲलर्जी तपासणीतही हेच रसायन तुलनेसाठी वापरले जाते.

रचना आणि शोध

हिस्टामिनचा रेणुभार १११.१५ आहे. इमिडॅझोलचे कडे, त्याला दोन कार्बनची शेपटी आणि टोकाला अमाइन गट, एवढीच त्याची रचना. हिस्टिडिन डिकार्बॉक्सिलेज हे विकर (एन्झाइम) हिस्टिडिनमधून कार्बन डायऑक्साइड काढून घेते. त्यासाठी त्याला ब-६ जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप लागते. १९०७ मध्ये विंडाउस आणि फोख्ट यांनी हिस्टामिन प्रयोगशाळेत बनवले. १९१० मध्ये बार्जर आणि डेल यांना ते अरगट बुरशीच्या अर्कात सापडले आणि त्याच वर्षी डेल व लेडलॉ यांनी त्याचे प्राण्यांवरील परिणाम नोंदवले. ते शरीराचे स्वतःचे आहे की ऊती कुजल्यामुळे तयार होते, हा प्रश्न मात्र बरीच वर्षे अडून राहिला. १९२७ मध्ये बेस्ट, डेल, डडली आणि थॉर्प यांनी ताज्या यकृतातून आणि फुप्फुसातून ते वेगळे केले, तेव्हा तो सुटला. मास्ट पेशी (ऊतींत राहणाऱ्या प्रतिकार यंत्रणेच्या पेशी) हे त्याचे मुख्य कोठार असल्याचे रायली आणि वेस्ट यांनी १९५३ मध्ये दाखवले.

साठा, सुटका, नाश

त्वचा, श्वासमार्ग आणि आतड्याचे अस्तर या ठिकाणी मास्ट पेशी दाटीने असतात. त्यांच्या कणिकांत हिस्टामिन हेपॅरिनला बांधलेले असते. ॲलर्जी असलेल्या माणसाच्या मास्ट पेशीवर आयजीई प्रतिपिंडे आधीच बसलेली असतात. परागातील प्रथिनाने अशी दोन शेजारची प्रतिपिंडे जोडली की पेशीत कॅल्शियम वाढते आणि काही मिनिटांत कणिका बाहेर रिकाम्या होतात.

आयजीईशिवायही हे घडते. मॉर्फिन, ॲट्राक्युरियम (भुलीत स्नायू सैल करणारे) आणि व्हँकोमायसिन (प्रतिजैविक) ही औषधे मास्ट पेशीवरील एमआरजीपीआरएक्स-२ या ग्राहीमार्फत थेट हिस्टामिन सोडवू शकतात. व्हँकोमायसिनची १ ग्रॅमची मात्रा सलाइनमधून किमान ६० मिनिटांत द्यायची असते. ती घाईने गेली तर चेहरा, मान आणि छातीचा वरचा भाग लाल होऊन खाजतो. यात खरी ॲलर्जी नसते. औषध थांबवून, लाली ओसरल्यावर पुन्हा हळू वेगाने सोडले की बहुतेकांना ते सोसते. केसपेपरवर घाईने ‘ॲलर्जी’ असे लिहिले गेले, तर पुढे खरी गरज पडेल तेव्हा त्या रुग्णाला हे औषध नाकारले जाते. त्यामुळे नोंद करताना औषध किती वेळात दिले हेही लिहावे.

सुटलेले हिस्टामिन फार टिकत नाही. ऊतींत आणि मेंदूत हिस्टामिन एन-मिथाइलट्रान्सफरेज, तर आतड्यात मुख्यतः डायअमाइन ऑक्सिडेज त्याचा निकाल लावते. तीव्र प्रतिक्रियेत रक्तातील पातळी ५ ते १० मिनिटांत शिखर गाठते आणि तासाभरात खाली येते. रुग्ण दवाखान्यात पोहोचेपर्यंत मोजायला काही उरलेले नसते. म्हणून मास्ट पेशींतूनच सुटणारे ट्रिप्टेज हे विकर मोजतात: लक्षणे सुरू झाल्यावर १ ते २ तासांत, फार तर ४ तासांपर्यंत एक नमुना आणि सगळे शांत झाल्यावर २४ तासांनी दुसरा. मूळ पातळीला १.२ ने गुणून त्यात २ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर मिळवावे. पहिला आकडा त्याहून मोठा असेल तर मास्ट पेशी फुटल्या असे धरतात.

चार ग्राही

एच-१ ग्राही रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर, श्वासनलिकांच्या आणि आतड्याच्या स्नायूंवर, संवेदी चेतातंतूंवर आणि मेंदूत असतो. तो चालू झाला की पेशीत कॅल्शियम वाढते. लहान वाहिन्या रुंदावतात, त्यांच्या अस्तरातील फटी उघडून द्रव बाहेर झिरपतो, आतड्याचा स्नायू आकुंचन पावतो, खाज सुटते. त्वचेत हिस्टामिन टोचले की आधी लाल ठिपका, मग भोवती पसरणारी लाली आणि शेवटी फुगलेली गांध असा क्रम दिसतो. यातली लाली चेतातंतूंच्या प्रतिक्षेपामुळे येते, त्यामुळे चेतातंतू नष्ट झालेल्या त्वचेत गांध उठते पण लाली पसरत नाही. कुष्ठरोगाच्या निदानात हा फरक वापरला गेला आहे.

क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन ही जुनी औषधे मेंदूत शिरून तिथलाही एच-१ अडवतात. हायपोथॅलॅमसमधील हिस्टामिनचे चेतापेशीसमूह माणसाला जागे ठेवत असल्याने ही औषधे घेतल्यावर झोप येते. फेक्सोफेनाडिन मेंदूत जवळजवळ पोहोचत नाही. ज्यांना दुचाकीवरून कामावर जायचे आहे त्यांच्यासाठी हा फरक महत्त्वाचा आहे. पहिली हिस्टामिनरोधके डॅनियल बोव्हे यांच्या कामातून आली (नोबेल, १९५७).

एच-२ ग्राही जठरातील आम्लपेशींवर असतो. गॅस्ट्रिनच्या इशाऱ्यावर शेजारच्या पेशी हिस्टामिन सोडतात आणि आम्लपेशीतला प्रोटॉन पंप चालू होतो. जेम्स ब्लॅक यांनी सिमेटिडिनपर्यंत नेलेले संशोधन याच ग्राहीवरचे (नोबेल, १९८८). फॅमोटिडिन आज त्याच गटातून वापरात आहे. एच-३ चेतातंतूंच्या टोकांवर राहून हिस्टामिनच्याच सुटकेला आवर घालतो, तर एच-४ मुख्यतः प्रतिकार यंत्रणेच्या पेशींवर आढळतो.

रोधक औषध ग्राहीवर ठाण मांडते, पण आधीच झिरपलेला द्रव परत आत नेत नाही. रक्तदाब कोसळणाऱ्या किंवा घसा आवळणाऱ्या प्रतिक्रियेत (ॲनाफायलॅक्सिस) हा भेद जिवावर बेततो. तिथे पहिले औषध ॲड्रेनालिनच: मोठ्या माणसाला १:१००० द्रावणाचे ०.५ मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत. ते वाहिन्या आवळते, श्वासनलिका सैल करते आणि मास्ट पेशींची सुटकाही कमी करते. फेनिरामिन आणि स्टेरॉइड आधी देऊन वाट पाहणे ही धोकादायक चूक आहे. ही औषधे नंतर द्यावीत, ॲड्रेनालिनऐवजी कधीही नाही.

जिथे हिस्टामिन दोषी नसते

प्रत्येक खाज हिस्टामिनची नसते. पुण्यात याची दोन ठळक उदाहरणे आहेत. गाजरगवत (काँग्रेस गवत) भारतात पहिल्यांदा नोंदवले गेले ते पुण्यातूनच, १९५० च्या दशकात. पावसानंतर रस्त्याकडेच्या मोकळ्या जागांत ते माजते. त्याच्या परागांनी येणाऱ्या शिंकांत आयजीई आणि हिस्टामिन असतात. पण मान, पापण्या, कोपरांच्या आतली बाजू इथे उठणारा चिवट इसब पार्थेनिन या द्रव्याविरुद्ध टी-पेशींनी दिलेला विलंबित प्रतिसाद असतो. त्यावर हिस्टामिनरोधक गोळ्या विशेष काम करत नाहीत आणि टोचणी चाचणीत (ती पुढे दिली आहे) तो दिसतही नाही. त्याला पॅच चाचणी लागते: पाठीवर पट्ट्या ४८ तास ठेवायच्या, काढल्यावर एकदा आणि ७२ ते ९६ तासांनी पुन्हा वाचायच्या.

दुसरे उदाहरण सह्याद्रीत फिरणाऱ्यांना माहीत असलेल्या खाजकुइलीचे. तिच्या शेंगेवरील कुसळांत म्युक्युनाइन हे प्रथिनभंजक विकर असते. ते चेतातंतूंवरील वेगळे ग्राही चेतवते, म्हणून हिस्टामिनरोधकाने ती खाज थांबत नाही. खाजेच्या संशोधनात या कुसळांचा फार नेटका उपयोग झाला आहे. तीच कुसळे तापवून विकर निकामी करायचे आणि हिस्टामिनच्या द्रावणात भिजवायची. टोचण्याची रीत तीच राहते, फक्त रसायन बदलते, आणि दोन्ही प्रकारच्या खाजेची तुलना करता येते.

दम्यातही हिस्टामिनरोधकांचा फायदा तोकडा असतो, कारण तिथे ल्युकोट्राइनसारखी इतर द्रव्ये जोरात असतात. रक्तदाबाच्या एनालाप्रिल गटातील गोळ्यांनी येणारी ओठ-जिभेची सूज ब्रॅडिकायनिनची असते. तिच्यात खाज किंवा गांधी नसतात, हीच तिची ओळख.

माशांतील हिस्टामिन

बांगडा, कुपा यांसारख्या माशांच्या स्नायूंत मोकळे हिस्टिडिन भरपूर असते. कोकणातून पुण्यापर्यंतच्या वाहतुकीत बर्फ कमी पडला तर मॉर्गानेला मॉर्गानीसारखे जिवाणू त्याचे हिस्टामिन करतात. शिजवून, तळून किंवा गोठवून ते नष्ट होत नाही, आणि दिसण्यावरून वा वासावरून खात्रीही देता येत नाही. कधीकधी जिभेला मिरीसारखी चुरचुर जाणवते. खाल्ल्यावर काही मिनिटांपासून दोनेक तासांत चेहरा लाल होतो, डोके दुखते, जुलाब होतात. ही माशाची ॲलर्जी नव्हे. एकाच ताटातले अनेक जण एकदम आजारी पडले तर संशय इथेच घ्यावा. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची सुरक्षा मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅम आहे. मासा पकडल्यापासून ४ अंशांखाली ठेवणे हाच उपाय.

टोचणी चाचणी

ॲलर्जीच्या टोचणी चाचणीत हिस्टामिन डायहायड्रोक्लोराइडचे १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावण होकारात्मक तुलनेसाठी आणि ग्लिसरिनयुक्त सलाइन नकारात्मक तुलनेसाठी वापरतात. हाताच्या आतल्या बाजूला थेंब एकमेकांपासून किमान २ सेंटिमीटर अंतरावर ठेवावेत. प्रत्येक थेंबाला नवी लॅन्सेट वापरावी, रक्त येऊ देऊ नये. १५ ते २० मिनिटांनी गांधीचा व्यास मोजतात. नकारात्मक थेंबापेक्षा ३ मिलिमीटर किंवा अधिक मोठी गांध ग्राह्य धरतात. हिस्टामिनची गांधच उठली नाही तर बाकीचे सगळे नकार निरर्थक ठरतात. बहुतेक वेळा रुग्णाने आदल्या दिवसांत सर्दीची मिश्र गोळी घेतलेली असते, तीही विचारल्याशिवाय सांगितली जात नाही. हिस्टामिनरोधके साधारण आठवडाभर आधी बंद ठेवावी लागतात. उलट सलाइनच्या थेंबालाही गांध उठली तर नुसत्या दाबाने पित्त उठणारी त्वचा असावी. मग चाचणी वाचूच नये.

आतड्यावरील जैवमापन

गिनीपिगचे शेषांत्र, म्हणजे इलियम, हिस्टामिनला अतिशय संवेदनशील असते. उंदराचे आतडे जवळजवळ दाद देत नाही, म्हणून एकाच्या जागी दुसरे चालत नाही. अभ्यासक्रमात आता हे प्रात्यक्षिक संगणकावर दाखवतात आणि प्रत्यक्ष प्राणी वापरायचा तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते. हे योग्यच आहे. ठरीव प्रयोगासाठी प्राणी मारण्याचे कारण उरलेले नाही. कत्तलखान्यातून बर्फगार क्रेब्स द्रावणात (ऊती जिवंत ठेवणारे क्षारांचे द्रावण) आणलेली बोकडाची श्वासनलिका संशोधनात चांगली वापरता येते. तिच्या कड्या साखळीसारख्या बांधतात. ती आतड्यापेक्षा संथ असल्याने संपर्कवेळ जास्त ठेवावा लागतो.

आतडे जिवंत ठेवणारे टायरोड द्रावण १ लिटरसाठी: सोडियम क्लोराइड ८ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.२, कॅल्शियम क्लोराइड ०.२, मॅग्नेशियम क्लोराइड ०.१, सोडियम बायकार्बोनेट १, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.०५ आणि ग्लुकोज १ ग्रॅम. कॅल्शियम वेगळे विरघळवून, बाकीचे पुरेसे पातळ झाल्यावर सर्वांत शेवटी घालावे. आधी घातले तर बायकार्बोनेटशी मिळून द्रावण गढूळ होते आणि आतड्याला कॅल्शियम मिळत नाही. पाणी ऊर्ध्वपातितच हवे. ग्लुकोजमुळे कालचे द्रावण आज खराब झालेले असते.

अंधांत्राच्या जोडाजवळचे १० सेंटिमीटर सोडून पुढचा २ ते ३ सेंटिमीटरचा तुकडा घेतात. आतला मळ द्रावण सोडून हलकेच धुवावा. पिपेटने जोर लावला तर स्नायू दुखावतो. दोन्ही टोकांना विरुद्ध बाजूंनी दोरा बांधावा, नळीचे तोंड बंद होऊ देऊ नये. ऑर्गन बाथ (तुकडा टांगण्याचे द्रावणाचे भांडे) ३५ ते ३७ अंशांवर, हवेचे बुडबुडे संथ, ताण ०.५ ग्रॅम. ३० ते ४५ मिनिटे स्थिर होऊ द्यावे आणि दर १० मिनिटांनी द्रावण बदलावे.

प्रत्येक मात्रेचे चक्र ५ मिनिटांचे: ३० सेकंद आधाररेषा, ३० सेकंद हिस्टामिन, मग दोन-तीन धुण्या आणि विश्रांती. २५ मिलिलिटरच्या बाथमध्ये १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावणाचे ०.१, ०.२, ०.४, ०.८, १.६ मिलिलिटर असे दुपटीने चढावे. चक्र घाईत उरकले तर ग्राही मंदावतात आणि मोठ्या मात्रेला लहान प्रतिसाद मिळतो. नमुन्यात ॲसिटिलकोलिन असण्याची शक्यता असेल तर त्याचा परिणाम अडवण्यासाठी टायरोडमध्ये ॲट्रोपिन घालतात. शेवटी मेपिरामिन हे एच-१ रोधक घालून प्रतिसाद बुजतो का पाहावे. बुजला नाही तर मोजले ते हिस्टामिन नव्हते.

जुळवणी पद्धतीत अज्ञात नमुन्याइतकीच उंची देणारी प्रमाण मात्रा शोधतात. नमुन्याचे ०.५ मिलिलिटर आणि प्रमाण द्रावणाचे ०.४ मिलिलिटर जुळले तर नमुन्यात ०.८ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. पद्धत सोपी आहे, पण ती एकाच बिंदूवर टेकलेली असल्याने चूक किती हे कळत नाही. नेमक्या कामाला चार बिंदूंची पद्धत (प्रमाणाच्या दोन आणि नमुन्याच्या दोन मात्रा) घ्यावी.

सर्वाधिक आढळणारी चूक मात्र तराजूवरच होते. बाटलीत मिळतो तो क्षार. १ मिलिग्रॅम हिस्टामिन हवे असेल तर डायहायड्रोक्लोराइड १.६६ मिलिग्रॅम आणि डायफॉस्फेट २.७६ मिलिग्रॅम घ्यावे लागते. नोंदवहीत क्षाराचे नाव नसेल तर दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत. क्षार हवेतील ओल शोषतो, त्यामुळे पावसाळ्यात बाटली उघडी राहू देऊ नये.

रासायनिक मापन

ऑर्थोथॅलाल्डिहाइडशी संयोग करून ३६० नॅनोमीटरवर उद्दीपन आणि ४५० वर प्रकाशमापन ही १९५९ पासूनची रीत आहे. आता एलायझा (प्रतिपिंडांवर आधारलेली चाचणी) आणि एचपीएलसी (द्रवातील घटक वेगळे करून मोजणारी रीत) जास्त चालतात. रक्ताचा नमुना ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत घेऊन लगेच बर्फावर ठेवावा आणि प्लाझ्मा वेगळा करावा. सीरम घेऊ नये: रक्त गोठताना बेसोफिल पेशी आपले हिस्टामिन सोडतात आणि निरोगी माणसाचा आकडाही फुगतो. पेशी फुटून लाल झालेला प्लाझ्मा याच कारणाने बाद करून नमुना पुन्हा घ्यावा.