पुरवठासाखळीतील मानवी हक्क : कंपन्यांचे उत्तरदायित्व

आपला माल ज्यांच्या हातांतून तयार होऊन येतो, पण जे आपल्या हजेरीपटावर नसतात, अशा माणसांच्या हक्कांबाबत कंपनीवर येणारी जबाबदारी. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने जून २०११ मध्ये स्वीकारलेली, महासचिवांचे विशेष प्रतिनिधी जॉन रगी यांनी मांडलेली ३१ मार्गदर्शक तत्त्वे हा तिचा पाया आहे. ती बंधनकारक नाहीत. कायदे पुढे आले : फ्रान्समध्ये २०१७, जर्मनीत २०२३ पासून.

कंपनीने आधी एवढेच ठरवायचे असते, की हानी आपण स्वतः केली, तिला हातभार लावला, की ती केवळ आपल्या मालाशी जोडलेली आहे. पहिल्या दोन प्रकारांत भरपाईत वाटा उचलावा लागतो. तिसऱ्यात पुरवठादारावर आपले वजन वापरावे लागते. भाव पाडून आणि मुदत आवळून घेणारा खरेदीदार स्वतःला तिसऱ्यात बसवतो. बहुधा तो दुसऱ्यात असतो.

उदाहरणार्थ, गोव्याची माणकी (स्क्विड) युरोपात जाते तेव्हा सोबत पकड-दाखला, म्हणजे मासळी कायदेशीरपणे पकडल्याचा दाखला, लागतो (१ जानेवारी २०१० पासून). त्यात बोट, मासळीची जात, वजन, क्षेत्र सारे असते. खलाशाच्या मजुरीला रकाना नाही. ट्रॉलरवरचे बरेच खलाशी ओडिशा, झारखंडसारख्या राज्यांतून येतात. गावातच उचल दिली जाते, ती मजुरीतून कापतात. बोटमालकाच्या वहीत उचल, रेशन आणि गाडीभाडे एकाच रकान्यात मांडले, की किती फिटले ते खलाशाला कळत नाही. त्यात आधारकार्ड तांडेलाकडे (बोटीच्या म्होरक्याकडे) असेल, तर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या वेठबिगारीच्या ११ लक्षणांपैकी दोन तिथेच दिसतात : कर्जाचा फास आणि अडकवलेली कागदपत्रे. गोव्याच्या सासष्टी तालुक्यातील कुटबण जेटीवर २०२४ च्या पावसाळ्यात खलाशांमध्ये कॉलरा पसरून मृत्यू झाले. तेव्हा प्रश्न पिण्याच्या पाण्याचा आणि शौचालयांचा होता.

कंपनीची तपासणी फसते ती बहुधा प्रक्रिया कारखान्याच्या फाटकाशी थांबल्यामुळे. आत हातमोजे, टोप्या, तापमानाच्या नोंदी चोख असतात. तपासनीस जेटीवर गेलेच तर जून-जुलैत, म्हणजे ६१ दिवसांच्या मासेमारीबंदीत. तेव्हा विचारायला खलाशीच नसतात. जावे ते ऑगस्टच्या सुरुवातीला, नवी टोळी उतरते तेव्हा, आणि मेअखेरीस, हिशेब मिटवताना. बोटमालकाला बाजूला ठेवून, खलाशाच्या भाषेत, उचलीची तारीख, रक्कम आणि आजवरची कपात वेगवेगळी विचारावी. उत्तर वहीशी जुळले नाही, तर वही खोटी धरूनच पुढे जावे.